तोंडातले खिळे

खिळेकाकांना आईवडिलांनी ठेवलेलं एखादं नाव असणारच, पण ते विचारायची गल्लीत कधी कुणाला गरज पडली नाही. सोफे, खुर्च्या आणि गाद्यांची डागडुजी करणारा हा माणूस. सकाळी दुकान उघडलं की मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचा आणि एकेक खिळा जिभेने ओठांवर आणून चुंबकाच्या हातोडीला चिकटवायचा. खिळा, ठोका. खिळा, ठोका. तोंड कायम भरलेलं. गिऱ्हाइकाला होकार हुंकारात, नकार भुवयांनी.

देवाशीही व्यवहार असाच. दुकानामागच्या दोन खोल्या म्हणजे त्यांचं घर. तिथे काकू रोज सकाळी खिडकी सताड उघडून मोठ्याने उपकारस्तुती करायच्या. त्यातही काकूंचा एक हट्ट होता. कालचे आभार त्यांना आज चालत नसत. "देव रोज ताजं देतो, मग आपण त्याला शिळं का वाढायचं?" असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे नळाला वेळेवर आलेल्या पाण्यापासून गुडघ्याने निमूट चढू दिलेल्या जिन्यापर्यंत सगळं प्रभूच्या कानावर जाई, आणि ओघाने आख्ख्या गल्लीच्याही. कुणाच्या घरात काय शिजतंय हे कळायला इतका पवित्र मार्ग दुसरा नव्हता.

वरच्या मजल्यावरच्या आजींचे पाय गेले होते, त्यामुळे चर्चला जाणं सुटलं होतं. त्यांचा पलंग खिडकीशी लावलेला. काकूंची प्रार्थना हीच त्यांची उपासना. शेवटी त्या "आमेन" अशा काही ठणकावून म्हणत, की वळचणीची कबुतरं उडून जात.

"अहो, तुम्हीही दोन शब्द बोला की," काकू म्हणत.

"ऊं," काका तोंडाकडे बोट दाखवत. प्रार्थनेची वेळ झाली की नेमके खिळे तोंडात जातात, हे गल्लीच्या लक्षात आलं होतं. देवाच्याही आलं असेलच.

मग परगावी असलेल्या लेकीचे दिवस भरत आले. पहिलंच बाळंतपण आणि तेही अवघड, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. काकूंनी बॅग भरली आणि निघताना बजावलं, "जेवलात नाहीत तरी चालेल, पण सकाळची प्रार्थना चुकवायची नाही. आजी वाट बघतात. आणि मोठ्याने करा!"

काकांना घाम फुटला. पण हात चालणाऱ्या माणसाचं डोकंही चालतंच. असं काहीतरी आपल्या गळ्यात पडणार हे ओळखून त्यांनी आदल्या सकाळीच काकूंची आख्खी प्रार्थना गुपचूप फोनवर टिपून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन खिडकीत ठेवला, आवाज पूर्ण वाढवला, खिळे तोंडात टाकले आणि कामाला लागले.

युक्ती झकास होती, फक्त एक भानगड होती. प्रार्थना ऐन रंगात आलेली असताना मागे कुकरची शिट्टी वाजायची आणि काकू त्याच भक्तिभावाने ओरडायच्या, "अहो, गॅस बंद करा!" मग पुन्हा, "तर हे दयाळू प्रभू..." परगावी गेलेली बाई रोज सकाळी ठरल्या जागी गॅस बंद करायला सांगते, म्हटल्यावर गल्लीने हसावं की घाबरावं? शिवाय बाहेर आभाळ गच्च भरलेलं, आणि काकू प्रभूला लख्ख उन्हाबद्दल धन्यवाद देतायत!

"काय रे," एका सकाळी आजींनी वरून हाक मारली, "तुझ्या गॅसचं बटण बिघडलंय का? रोज बंद करतोस तरी रोज चालूच!"

"ऊं," काका म्हणाले. कान मात्र लाल झाले.

त्याच दिवशी दुपारी काका एका जुन्या आरामखुर्चीला भिडले होते. याच खुर्चीत बसून काकूंनी लेकीला पाजलं होतं, आता ती लेकीकडे जायची होती. गिऱ्हाइकाचा सोफा वाट बघत ताटकळला होता. खुर्चीचं जुनं कापड निघालं होतं, स्प्रिंगा निघाल्या होत्या, खाली आधाराच्या पट्ट्या तेवढ्या कच्च्या टाचलेल्या. फोन वाजला.

"अहो..." काकूंचा आवाज ओळखू येईना. "तिला आत नेलंय. ऑपरेशन करावं लागणार. बाळाचे ठोके कमी पडतायत म्हणे."

"ऊं?" काकांच्या तोंडात खिळे.

"माझ्या तोंडून शब्द फुटत नाहीये हो. इतकी वर्षं बडबडले आणि आज काहीच सुचत नाही. तुम्ही करा प्रार्थना. मी ऐकते."

काकांनी सवयीने खिडकीकडे बघितलं. पण काकूंचा आवाज ज्या फोनमध्ये भरून ठेवला होता, तोच फोन आत्ता कानाला होता आणि त्यात खऱ्या काकू मुसमुसत होत्या. पळायला वाट नव्हती. त्यांनी तळहात पुढे केला आणि सगळे खिळे थुंकून टाकले.

"देवा," ते म्हणाले. "देवा, मला हे येत नाही. बायको करते ते तू ऐकतोसच. मी तिथेच असायचो, पलीकडे. तू ही पोरगी दिलीस, त्याचे आभार मानायचे राहिलेत. या खुर्चीच्या स्प्रिंगा तिने नाचून नाचून मोडल्या. मी ओरडलो होतो. त्या मोडल्याबद्दल आभार. ती हातोडीचं चुंबक पळवायची, त्याबद्दल आभार. जावई बरा आहे. घोरतो, पण बरा आहे. आता आभार संपले, देवा. मागणंच उरलंय. दोघांना राख. येशूच्या नावाने मागतो."

"आमेन!" वरून आजी गरजल्या. फोनमधून काकूंचं पुटपुटणं आलं.

फोन कुणीच ठेवला नाही. काका उभे, हातातले खिळे घामाने चिकट झालेले. मग पलीकडे दार उघडल्याचा आवाज, धावपळ, आणि जावयाची आरोळी, "आई! मुलगी झाली! दोघी छान आहेत!" पाठोपाठ काकूंचा हुंदका, "अहो, ऐकलंत का?"

काका मटकन बसले, आणि बसले ते नेमके त्या खुर्चीत. कच्च्या टाचलेल्या पट्ट्या तटातट सुटल्या आणि आजोबा कमरेपर्यंत सांगाड्यात रुतले. पाय वर, फोन कानाला, डोळ्यांतून धारा, आणि हसू काही थांबेना. "आभार रे देवा, आभार," एवढं एकच. शेजारपाजाऱ्यांनी ओढून काढलं तेव्हाही तोंडात तेच.

दुसऱ्या सकाळी सवयीने त्यांनी फोन खिडकीत ठेवला. गॅस झाला, ऊन झालं, आणि काकूंचा आवाज म्हणाला, "प्रभू, लेकीचं बाळंतपण सुखरूप पार पाड..."

काकांचा हात तिथेच थबकला. जे कालच पदरात पडलं ते आज पुन्हा मागायचं? शिळं म्हणजे काय ते त्यांना आत्ता कळलं. त्यांनी फोन बंद केला.

"काय रे?" वरून आवाज आला. "आज मध्येच बंद पडली का बायको?"

"बंद केली, आजी. आज मीच."

खिळे डबीतच होते. काकांनी घसा खाकरला. "देवा, नात तीन घास... नाही, घास कसली खाते ती! दूध प्यायली म्हणे रात्री, पोटभर. आभार. लेक थोडं बसली. आभार. आणि आभाळ आज गच्चच आहे, ते आहे तसं आभार. आमेन."

"एवढंच?" आजी म्हणाल्या.

"उद्याचं उद्या, ताजं!" काका म्हणाले, आणि मग पहिला खिळा तोंडात टाकला.