पंचमीची विळी

"तोंड वर कर. उजेडात दिसू दे बायकांना."

माझ्या सासूनं, आत्याबाईंनी, माझी हनुवटी धरून वर केली. शिराळ्यात नागपंचमी. अंगण बायकांनी भरलेलं, हातात लाह्या-दुधाची ताटं. "बघा गं, बाई हाय का बाप्या! दाढी फुटलीया हिला. असल्या पोटात नागोबा पोर ठेवील व्हय?"

सगळ्या हसल्या. हनुवटीवरचे केस मी रोज राखेच्या चिमटीनं उपटायची. त्या दिवसांत र्‍हायले हुते. माझं तिसरं पोट नुकतंच पडलं हुतं, मला उठवत नव्हतं.

सासरचा ऊस गावात सगळ्यात मोठा. आत्याबाईंच्या शब्दाला आडवं कोण जाणार? आमचं धनी पलटणीत. रजेवर यायचं, परत लढाईवर जायचं. मागं सोसायचं ते मी.

कारण बी त्यांनी शोधून ठेवलं हुतं. पंचमीला आमच्यात काही चिरत न्हाईत, नागाला लागतं म्हणत्यात. "मागल्या पंचमीला ह्या बयेनं विळी धरली," म्हणाल्या. "म्हणून पोट टिकत न्हाई."

"आवं आत्याबाई, मी तर माहेरी हुते. कुंडलला."

"मग तिथं चिरलं असशील!"

तिथं? पंचमीची माहेरवाशीण मी! आईनं हाताला पाणी लागू दिलं नव्हतं. आन पयलं पोट तर त्याच्याबी आधी गेलेलं. पण इचारतंय कोण!

"नागोबापुढं नाक घास आन कबूल हो. न्हाईतर जा माहेरी, कायमची."

माहेरी भाऊ, भावजय, त्यांची लेकरं एका खोलीत. कुठं जाणार हुते मी? मातीच्या नागापुढं नाक घासलं. "चिरलं मी," म्हणाले. नाकाचं कातडं निघालं.

ते कातडं भरून आलं. पण पुढं पुढं मला ते खरंच वाटायला लागलं. चुलीपुढं बसलं की मनात यायचं, एखादी मिरची मोडली असंल का आपण? माझी लेकरं मीच मारली, असं धरूनच जगत हुते.

पुढच्या रजेनंतर परत दिवस गेले. तेबी पडलं. रक्त थांबंना, तवा भावानं येऊन कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं सांगलीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं माझ्या हनुवटीकडं बघितलं. हसली न्हाई.

"हे केस कधीपासून आहेत? पाळी वेळेवर येते का?"

"कवा येती, कवा चार-चार महिनं न्हाई."

"अंगात काही रस तयार होतात. पाळी तेच आणतात, गर्भ तेच धरून ठेवतात. तुमच्या अंगात त्यांचा मेळ बिघडलेला दिसतो. केस, पाळी, गर्भ पडणं, सगळं त्यातलंच असावं."

"म्हंजे मी चिरलं म्हणून न्हवं?"

"काय चिरलंत?"

मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "विळीचा काही संबंध नाही. तुमचा दोष नाही. पण खात्रीचं औषध माझ्याजवळ नाही. खोटं कशाला सांगू?"

मी ढसाढसा रडले. आन मग राग आला. लय राग आला.

घरी आले तर सवत ठरलेली. परत पंचमी आली. त्याच बायका, तेच अंगण. आत्याबाई म्हणाल्या, "परत नाक घास. आन नव्या नवरीची ओटी तूच भरायचीस."

मी आत गेले. विळी आणली, अंगणात मांडली आन दोडका चिरायला घेतला.

"अगं बया! आज पंचमी!"

"मागं चिरलं न्हवतं, तुमी कबूल करवलंत. आज चिरतीया, ते डोळं उघडून बघा. माझ्या अंगात दुखणं हाय, म्हणून लेकरं गेली. नागानं न्हेली न्हाईत. मी मारली न्हाईत!"

आत्याबाईंनी माझ्या झिंज्या धरल्या. मार लय बसला. पण दोडका चिरून झाला हुता.

सवत आलीच. धनी रजेवर आले, बोहल्यावर उभे र्‍हायले, माझ्याशी एक शब्द बोलले न्हाईत. मी त्याच घरात, त्याच चुलीपुढं. दुसरं घर मला न्हाई. पण नाक परत भुईला लागलं न्हाई. लागणार बी न्हाई.

सवत म्हंजे पोरच, माझ्याहून लय लहान. घरात आली त्याच दिवशी तिला जवळ बसवलं. म्हटलं, "बाई, तुझं पोर जगू दे. पण उद्या काय वंगाळ झालं, आन ह्यांनी इचारलं पंचमीला काय चिरलंस, तर जीव गेला तरी कबूल हू नगंस. मी तुझ्या शेजारी उभी हाय."