सागवानाचं विमान आणि डोमाची चक्कर

भुसा पाडायचा म्हणून कोणी लाकूड चिरत नाही. चिरायच्या असतात पाट्या, भुसा आपोआप साचतो. किश्शांचंही तसंच आहे. सिंदेवाहीच्या अलीकडे आमची सागवानाची आरागिरणी होती. पाट्या मालकानं विकल्या, भुसा माझ्याकडे राहिला! मी चौथीपर्यंत शिकलो, तेही मास्तर कंटाळले म्हणून. तेव्हा शुद्धलेखन पाहू नका, मजा पाहा.

देश तेव्हा नवा होता, गिरणीचं डिझेल इंजिन नवं होतं, आणि आमचा फिटर डोमा तर लग्नासकट नवा होता. ते इंजिन बसवायला मुंबईचे एक इंजिनीअर आले होते. डोमाचा हात पाहून ते खूश झाले आणि जाताना त्याला एक चिमुकलं इंजिन देऊन गेले. किती चिमुकलं? तळहातावर ठेवलं तर शेजारी पानाचा विडा मावेल! सोबत एक नकाशा, दोन लांब बारीक पोलादी तारा आणि एक लाकडी मूठ.

विमान आपण बांधायचं आणि तारांनी मुठीला जोडायचं. माणूस मधे उभा, विमान त्याच्याभोवती गरगर. मूठ मागं कलली की विमान वर, पुढं कलली की खाली. आत कोणी बसायचं नाही, सगळा कंट्रोल तारेवर.

"लहानूभाऊ," डोमा मला म्हणाला, "मी हे उडवीनच."

मी म्हटलं, "उडव ना बे. पण आधी बांध!"

*

नकाशात लिहिलं होतं, लाकूड हलकं घ्यावं. हे वाचून गिरणीत सभा भरली. हलकं म्हणजे काटसावर. आगपेटीच्या काड्या होतात ते लाकूड! आमच्या गिरणीत त्याला कोणी लाकूडच म्हणत नव्हतं.

मिस्त्री म्हणाला, "सागवानाच्या गिरणीतून आगपेटीचं विमान निघन? लोकं थुंकतीन आपल्या तोंडावर!"

झालं. चांद्याचं एक नंबरचं सागवान निवडलं. रंधा मारला, पॉलिश केलं, पितळी स्क्रू लावले. असं देखणं विमान मी आजपर्यंत पाहिलं नाही. मैदानात ठेवलं, डोमानं बोटानं पंखा फिरवला, इंजिन पेटलं. भर्रर्र! विमान जागचं हललं नाही. पंख्याच्या वाऱ्यानं मागचा भुसा उडाला, मिस्त्रीचं मुंडासं उडालं, एक कोंबडी उडाली.

"काय झालं रे?" मॅनेजरसाहेब धावत आले.

मी म्हटलं, "काही नाई साहेब. विमान सोडून बाकी सगळं उडून राह्यलं!"

ते विमान पुढे मॅनेजरीणबाईंनी दिवाणखान्यात फळांसाठी ठेवलं. दोन्ही पंखांवर संत्री मावत. डोमानं मान खाली घालून सावर आणली.

*

त्या इंजिनाचं खाणंही खानदानी. घासलेट, ईथर आणि एरंडेल! ईथर दवाखान्याच्या कंपाउंडरनं मैत्रीत दिलं. एरंडेल मात्र डोमा दुकानातून आणायचा, आणि इंजिन त्यातलं निम्मं धुरासोबत परत ओकायचं. त्यामुळे दर आठवड्याला नवी बाटली.

दुकानदार काळजीत पडला. त्यानं मला गाठलं. "लहानूभाऊ, डोमाचं पोट लयच बिघडलं का?"

मी नुसती मान हलवली. दुःखानं हलवली, एवढाच काय तो माझा गुन्हा!

ती मान मूल गावच्या बाजारापर्यंत हलत गेली आणि तिथून डोमाच्या सासऱ्याच्या कानावर. सासरे वारलूजी म्हणजे शंकरपटाचे शौकीन, बैलजोडी पळवण्यात जिल्ह्यात नाव. ते हळहळले, वैद्याचा काढा सोबत घेतला आणि खासर, म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी, जुंपून थेट आले. येऊन पाहतात तर जावई अंगणात पालथा, तोंडाला एरंडेल, कपड्याला एरंडेल, आणि समोर भर्रर्र!

"जवाईबापू, हे काय करून राह्यले?"

"टेस्टिंग, मामाजी!"

वारलूजींनी काढा अंगणात ओतला. मुलीला म्हणाले, "गिरजे, पेटी भर. हा माणूस एरंडेल यंत्राले पाजते."

डोमा हादरला. गिरजावर त्याचा भारी जीव होता. हात जोडले, पाया पडला. वारलूजी पटाचे माणूस, शर्तीशिवाय त्यांना बोलता येत नसे. ते म्हणाले, "भाऊबीजेच्या आमच्या मंडईच्या जत्रेले हे पाखरू उडवून दाखवा. सगळ्या गावादेखत. उडलं तं उडवणाऱ्यानं पोरीले घेऊन घरी जावं. नाई उडलं तं ते मोडून चुलीत घालावं, अन् वर्षभर माह्यापाशी राहून बैलं चारावे. थेच शिकवतीन तुमाले कसं वागाचं थे."

गिरजा पेटी भरून गेली.  जाताना मला म्हणाली, "भाऊजी, तुमची मान लय हलते."

*

आता डोमा पेटला. सावरीचं विमान बांधलं. पंखांखाली दोन बोटं धरून बॅलन्स पाहिला, तर शेपूट जड. नाकात शिसं भरलं, तर नाक जड. थोडं खरवडलं, पुन्हा शेपूट! शेवटी एकदाचं ते दोन बोटांवर सरळ थांबलं, तेव्हा डोमा श्वास घेईना. म्हणाला, "भाऊ, शिंकू नका."

पहिल्या उड्डाणाला डोमानं मूठ मागं खेचली. वर जायचं ते विमान नाक खुपसून जमिनीत! दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी तारा पाहिल्या. वरची खाली आणि खालची वर जोडलेली!

"डोमा, तुह्या घरी जसं चालते, तसंच यातबी जोडलं का?"

"म्हणजे?"

"तू ओढते वर, अन् जाते खाली!"

विमान दुरुस्त करायला लागले आठ दिवस. माझ्याशी बोलायला त्याहून जास्त.

*

तारा सुधारल्या, विमान उडालं. पण नवंच लचांड निघालं. विमानाला चक्कर येत नव्हती, डोमाला येत होती! विमानासोबत त्यालाही गरगर फिरावं लागे. सात-आठ फेऱ्या झाल्या की डोळे फिरत, पाय वाकत. मिस्त्री विमान सोडायचा आणि मी मागून डोमाची कंबर धरून फिरायचो, तेव्हा कुठं तो उभा राही.

मी म्हटलं, "विमानाशिवाय प्रॅक्टिस कर. सकाळी मारुतीच्या पारासमोर. नुसती मूठ हातात धराची अन् फिराचं."

बिचारा फिरू लागला. एक हात लांब, मूठ घट्ट, डोळे वर, आणि तोंडानं भर्रर्र. पाणी भरायला आलेल्या बायांनी घागरी खाली ठेवल्या. एका म्हातारीनं हात जोडले. "कोणतं वारं आलं गा याच्या अंगात?"

आता असा प्रश्न कोणी मला विचारावा? मी पुढं झालो. "विचारा माय, काय विचाराचं थे लवकर विचारा. इंधन संपलं का देव जाते!"

म्हातारीची म्हैस हरवली होती. डोमाला चक्कर आली, तो नाल्याच्या दिशेला आडवा पडला. म्हैस नाल्यातच सापडली! दुसऱ्या दिवशी पारासमोर रांग लागली. नारळ, लिंबू, एकानं तर कोंबडा आणला. डोमा मला शिव्या देत फिरत होता आणि शिव्या ऐकून लोक म्हणत होते, "देव कडक हाये!"

*

मंडईच्या दिवशी खासर जुंपून, विमान मांडीवर घेऊन निघालो. वाटेत जंगलखात्याचा नाका. आडवा बांबू, बाजूला नाकेदार. आमच्याकडे बांबूच्या टोपलीपासून खाटेच्या पायापर्यंत काहीही न्या, पास दाखवावा लागे आणि लाकडावर खात्याचा हातोडा उमटलेला असावा लागे.

"हे काय हाये?"

"विमान," डोमा म्हणाला.

"कायचं हाये?"

"लाकडाचं."

"मंग पास दाखवा. अन् हातोड्याचा ठप्पा कुठी हाये याच्यावर?" असं म्हणून नाकेदारानं ठप्प्याचा हातोडाच उचलला! एक घाव बसला असता तर डोमाचा संसार तिथंच नाक्यावर चपटा.

मी म्हटलं, "साहेब, आधी उडवू देतो, मंग हवेतच ठोका!"

डोमा घामाघूम. नाकेदारानं विमान हातात घेतलं, तोललं, नखानं टोकरलं. "हे सागवान नाई?"

"नाई जी. सावर."

"हट्! सावरीले कोण विचारते? घेऊन जा हा कचरा!" आणि बांबू वर केला.

सुटलो ना? पण डोमा खासरातून खाली उतरला! "कचरा? कोणाले कचरा म्हणता? माही बायको अडकली हाये याच्यावर! लावा किंमत, लावा ठप्पा!" त्याला मानेला धरून खासरात कोंबलं, तेव्हा नाका पार झाला.

*

मंडईला ही गर्दी! मिठाईची दुकानं, पाळणे, दंडारीच्या नाचाचे ढोल. पटाच्या मैदानात वारलूजींनी गोल मोकळा केला होता. गिरजा आईजवळ उभी होती, पायाशी भरलेली पेटी.

विमान पकडून सोडायला माणूस लागतो; मिस्त्री आला नव्हता, तेव्हा तो मी. मग चक्कर आल्यावर डोमाची कंबर कोण धरणार? मी तसं वारलूजींना सांगितलं.

वारलूजी हसले. "उभ्या जागी चक्कर येते? माही गिरजा लहानपणापासून खळ्यावर धानाच्या चुरण्यात बैलांमागं मेढीच्या खांबाभोवती दिवसभर फिरते. तिले नाई येत चक्कर!"

गिरजानं पदर खोचला. "मंग कंबर मीच धरीन." आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत गोलाच्या मधे जाऊन उभी राहिली.

इंजिन पेटलं. मी विमान सोडलं. उडालं! माणसाच्या डोक्यावरून, भर्रर्र, एरंडेलाचा शिडकावा करत! पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांचे पांढरे कपडे पिवळे झाले, पण कोणी हललं नाही. ढोलवाल्यांनी ढोल थांबवले. पटाचे बैल माना वर करून पाहू लागले.

सात फेऱ्या, आठ फेऱ्या. डोमाचे डोळे फिरले. पाय वाकले. विमान खाली झुकलं.  आणि गिरजानं डोमाच्या हातातून मूठ घेतली.

डोमा गवतात आडवा. मधे एकटी गिरजा, पायाखाली जणू खळं, एका लयीत फिरत. विमान वर आलं. तिनं ते आणखी वर नेलं, बापाच्या मुंडाशाजवळून खाली आणलं, पुन्हा वर! इंधन संपून इंजिन गप्प झालं, तेव्हा तिनं ते गवतावर असं टेकवलं जसं झोपलेलं लेकरू.

टाळ्या, शिट्ट्या! वारलूजी मात्र मिशी पुसत पुढं आले. "थांबा. उडवलं पोरीनं. जवाईबापू हारले."

डोमा दोन्ही मुठींत गवत धरून ओरडला, "मामाजी, आधी कोणी जमीन धरा रे!"

गिरजानं तारा गुंडाळल्या, विमान उचललं, पेटी खासरात ठेवली आणि स्वतः चढून बसली. म्हणाली, "बाबा, शर्त तुमचीच होती. उडवणाऱ्यानं घरी जावं, हारणाऱ्यानं बैलं चारावे. भाऊजी, हाका!"

वारलूजी अडेल बैलासारखे जागच्या जागी खिळले. मी कासरा ओढला. खासर निघालं, तेवढ्यात मागून गवतातून डोमाचा आवाज आला.

"लहानूभाऊ! हळू हाका हो! गचके बसले तं बॅलन्स जाईन शेपटीचा!"

गिरजानं विमान छातीशी घट्ट धरलं आणि मागं न पाहता मला म्हणाली, "भाऊजी, खड्ड्याखड्ड्यानंच घ्या."