गुडघ्याच्या पुड्या

नर्सने रक्तदाबाचा पट्टा सोडला, तर ताईच्या दंडावर काळानिळा वळ उमटला होता. एवढ्याशा दाबाने! वर्षभरात माझ्या या मोठ्या बहिणीचा चेहरा गोल गरगरीत झाला होता आणि हातपाय मात्र काड्या. लोक म्हणायचे, "तब्येत सुधारली हो!" ती कसनुसं हसायची.

"काही औषध चालू आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"गुडघ्यांसाठी एकाकडून पुड्या आणते. दोन वर्षं झाली. त्यांच्यामुळेच तर चालते."

त्यांत स्टेरॉइड असणार, डॉक्टर म्हणाले. स्टेरॉइड म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या कॉर्टिसोलसारखंच संप्रेरक; अंगात त्याचा अतिरेक झाला की असंच होतं.

"मग आजपासून बंद!" ताई म्हणाली.

"एकदम नाही. बाहेरून आयतं मिळाल्यामुळे ते बनवणाऱ्या तुमच्या ग्रंथी झोपल्यात. अचानक थांबवलंत तर जिवावर बेतेल. मी मोजून गोळी देतो, हळूहळू कमी करू."

आधार म्हणून आपण काहीतरी धरतो आणि सोडायला गेलो की कळतं, त्यानेच आपल्याला धरून ठेवलंय.

घरी तिने ती गोळी तळहातावर घेतली. स्टेरॉइडचीच गोळी.

"घेऊ?" तिने विचारलं.

मी पाणी पुढे केलं.