घाईत उरकलेलं पान

परवेझ गुरुजी सहावीला धर्मांचा धडा घ्यायला लागले की वर्गात कुणाला जांभई येत नसे. जैन साधूंबद्दल सांगताना ते स्वतःच्या तोंडाला रुमाल बांधत. पारशी लोक अग्यारीतली आग पिढ्यान्‌पिढ्या विझू देत नाहीत, हे सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली येई. सुप्याच्या पुढे माळावर वसलेल्या एका वाडीतली ही जिल्हा परिषदेची शाळा. पोरांचे बाप कुणी एमआयडीसीत कामाला, कुणी कांदा-ज्वारीच्या मागे. त्या पोरांना गुरुजी जेरुसलेमपर्यंत फिरवून आणत.

पण इस्लामचं पान आलं की त्यांना कसली तरी घाई सुटे. "एकच ईश्वर मानतात. प्रेषित मुहंमद पैगंबर. ग्रंथ कुराण. लिहून घ्या," एवढं म्हणून खडू खाली ठेवायचे.

याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका गावात, त्यांनी हेच पान मन लावून शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी एक पालक फाटकाशी उभा राहून चारचौघांत म्हणाला होता, "हा मास्तर आपल्या पोरांला नमाज पढायला लावनार." पुढं काहीच झालं नाही, बोभाटाही झाला नाही. पण गुरुजींच्या मनात ते वाक्य रुतून बसलं. शाळेत ते एकटेच मुसलमान शिक्षक. तेव्हापासून ते पान त्यांनी जपून, म्हणजे खरं तर टाळूनच शिकवलं.

यंदा ते असंच उरकलं आणि पूजा उभी राहिली. पूजा म्हणजे वर्गातली सगळ्यात बडबडी पोरगी.

"सर, हे तुमाला नीट येत न्हाई का?"

वर्ग खदखदून हसला.

"का गं?"

"बाकीच्यांचं लई भारी सांगितलं. तुमचंच तुमी पळत सांगितलं."

गुरुजी हसले खरे, पण त्यांचे कान तापले. तास संपल्याची घंटा झाली, हे बरंच झालं.

संध्याकाळी घरी चहा घेता घेता त्यांनी बायकोला, मेहविशला, हे गंमत म्हणून सांगितलं. मेहविश हसली नाही.

"पोरगी खोटं काय बोलली?" ती म्हणाली. "आपल्या घरात काय चालतं हे तुम्हीच लपवल्यासारखं केलं, तर पोरं काय समजतील? लपवण्यासारखंच काहीतरी असेल, असंच ना?"

सकाळी गुरुजी मुख्याध्यापिका सत्यशीलाबाईंकडे गेले आणि म्हणाले, "ते पान मला पुन्हा घ्यायचंय. कुणी काही बोललं तर?"

"पुस्तकात आहे ते शिकवणार ना?" बाई हजेरीवरून मान वर न करता म्हणाल्या. "मग बोलणाऱ्याला माझ्याकडे पाठवा."

त्या दिवशी गुरुजींनी पुस्तक बंदच ठेवलं. "विचारा काय विचारायचं ते," म्हणाले. मग जे प्रश्न सुटले ते थांबेनात. रोजा असताना थुंकी गिळली तर चालते का? ढगामुळे चंद्र दिसलाच नाही तर ईद कधी? नमाज पढताना पश्चिमेकडेच तोंड का? गुरुजी एकेकाचं उत्तर देत गेले. मक्का आपल्या पश्चिमेला आहे. तुर्कस्तानातला माणूस दक्षिणेकडे तोंड करतो, हे ऐकून पोरं नकाशाला जाऊन भिडली.

"सर, नमाजात तुमी देवाला काय मागता?" पूजानं विचारलं.

गुरुजी टेबलाच्या कडेला टेकले. "आधी त्याचे आभार मानतो. शेवटी मागतो. परवा म्हणालो, धाकटीचा ताप उतरू दे."

"माझी आई बी तेच मागती," मागून कुणीतरी म्हणालं.

घरी जाताना गुरुजींना हलकं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी पूजाचे आजोबा सहादेवबाबा काठी टेकत फाटकातून आत येताना दिसले, आणि गुरुजींना पहिल्या गावातलं ते फाटक आठवलं.

"गुरुजी, काय शिकवलं तुमी पोरीला?" बाबा व्हरांड्यातूनच ओरडले.

"काय झालं, बाबा?"

"कालधरनं डोकं खाल्लंय माझं. पिंडीला पानीच का घालायचं? नंदी भाईरच का बसतो? जन्म गेला माझा म्हादेवाला पानी घालन्यात, आन्‌ मला सांगता येईना. नातीपुढं लाज गेली की!"

गुरुजींना हसू आवरेना. बाबा आधी डोळे वटारून बघत राहिले, मग तेही हसायला लागले.

"मग शनिवारी वर्गात येऊन बसा," गुरुजी म्हणाले. "तुम्ही रोज काय करता एवढंच सांगा. नाही येत तिथं नाही म्हणा."

सहादेवबाबा धुतलेलं धोतर नेसून आले. पहाटे बेल कसा तोडतात, श्रावणात काय करतात, हे त्यांनी रंगवून सांगितलं. नंदीचा प्रश्न आला तेव्हा म्हणाले, "ठाव न्हाई बाळांनो. माझ्या बापाला ठाव आसंल. मी कदी इचारलंच न्हाई."

त्यानंतर शनिवारी कुणी ना कुणी येऊ लागलं. एका पालकानं तक्रार केलीही. सत्यशीलाबाईंनी त्याला चहा पाजला आणि वर्गात मागच्या बाकावर नेऊन बसवलं. तो तास संपेपर्यंत हलला नाही. पटलं की नाही कोण जाणे, पण पुन्हा तक्रार घेऊन आला नाही.

पुढं विमलबाईंची पाळी आली. त्या बौद्ध, शेतमजुरी करणाऱ्या, त्यांचा लहानसा तुकडा सहादेवबाबांच्या बांधाला लागून. त्यांनी त्रिशरण म्हणून दाखवलं आणि बुद्धाला शरण जाणं म्हणजे हात जोडून काही मागणं नव्हे, नीट वागायचा शब्द स्वतःलाच देणं, असं साध्या बोलीत सांगितलं. त्या दिवशी बोलावणं नसताना सहादेवबाबाही दाराशी येऊन बसले होते. विमलबाई थांबल्या, तसं पोरांच्या आधी त्यांनीच हात वर केला.

"इतक्या सालांचा शेजार आपला, विमलबाई," ते म्हणाले. "तुमी पुनवंला पांढरं लुगडं नेसून कुठं जाता, हे मी कदी इचारलं न्हाई. आता सांगता का?"

विमलबाईंनी पदर सावरला, पोरांकडे पाहिलं आणि बाबांना म्हणाल्या, "सांगते की. आदी आत येऊन बसा."