परतीचा पत्ता

रबाळ्याच्या ऑफिसात ती माझ्या शेजारी बसायची. बोलायची कमी. काही अडलं की स्क्रीनवर बोट ठेवून वेबसाइटचा पत्ता अक्षर-अक्षर पुटपुटत वाचायची.

आम्ही एका हॉस्पिटलची वेबसाइट करत होतो. पेशंटचं लॉगिन दुसऱ्या एका सेवेकडून व्हायचं आणि नंतर त्याला कुठल्या पानावर परत पाठवायचं, तो पत्ता तिथे आधी नोंदवावा लागायचा. आमच्या कॉम्प्युटरवर चाचणी करताना पानाचा पत्ता वेगळा असायचा, नोंदवलेल्याशी जुळायचा नाही आणि लॉगिन अडकायचं.

हॉस्पिटलला द्यायच्या डेमोच्या आदल्या दिवशी साहेब तिच्यावर वैतागले. "कुठलाही पत्ता चालेल असं करून टाक ना!"

"नाही सर. मग कुणीही खोटं पान लावून पेशंटचं लॉगिन स्वतःकडे वळवेल. टेस्टिंगसाठी मी वेगळी नोंदणी करते, पण वेळ लागेल."

"आत्ता चालू कर. नंतर काढू."

"नंतर कुणी काढत नाही, सर."

तिचा आवाज चढला नव्हता. डेमो पुढे ढकलावा लागला आणि पुढच्याच आठवड्यात तिला त्या कामावरून काढून दुसऱ्या मजल्यावर पाठवलं.

जाण्याआधी तिने माझ्या कॉम्प्युटरवर ती वेगळी नोंदणी नीट चालवून दाखवली. मला राहवलं नाही. "एवढं होऊनही शिकवतेयस?"

"राग साहेबांचा आलाय," ती म्हणाली. "पेशंटनी काय केलंय?"

तिचे डोळे भरले होते. ते तिने पुसले नाहीत. पुढची पायरी समजावत राहिली.