झाकलेला कप्पा

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी पाच वर्षं माझ्याकडे राहून पदार्थविज्ञानात डॉक्टरेट करत होती. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. मोठेपणी मात्र ती एकाच खुर्चीत इतकी बसली की खुर्चीचा वेत खाली लोंबायला लागला.

तिचं काम मला समजलं ते असं. काही कण टिकत नाहीत. जन्मतात आणि लगेच फुटून त्यांचे हलके कण होतात. कुठला कण कसा फुटेल याच्या वाटा ठरलेल्या असतात. भिंगरी अशी एक वाट शोधत होती, जी आजवर कुणाला दिसली नव्हती. त्यासाठी यंत्राने टिपलेल्या, कण फुटण्याच्या कोट्यवधी घटना चाळायच्या. चाळणीचे नियम आधी पक्के करायचे आणि आलेखाच्या ज्या कप्प्यात ती वाट दिसू शकेल, तो तोवर झाकून ठेवायचा. कुणीही डोकावायचं नाही.

"एवढा पडदा कशाला गं?" मी विचारलं होतं.

"मनी वसे ते स्वप्नी दिसे, मावशी. आधी बघितलं की हात आपोआप हवा तिकडे वळतो."

मला पटलं. आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टर उत्तरपत्रिकेवरच्या नावाचा कोपरा दुमडून डिंकाने चिकटवत आणि मगच तपासायला घेत.

कप्पा उघडला त्या दिवशी सगळा विभाग जमला होता. आत काही नव्हतं. म्हणजे नेहमीच्या वाटांच्या कचऱ्यातून जेवढ्या घटना येणार हे आधीच माहीत होतं, तेवढ्याच होत्या. तिचे मार्गदर्शक सर "बरं" म्हणून मोबाइल बघत निघून गेले.

त्याच आठवड्यात ती एका संध्याकाळी घरात शिरली तीच ओरडत, "मावशी, दिसलं!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत ओकत बसली.

"उघडल्यानंतर मी एक नियम जरासा सरकवला," तोंड पुसत ती म्हणाली. "नुसतं बघावं म्हणून. तर त्या कप्प्यात छान उंचवटा आला, जणू ती वाट सापडलीच. मला आनंद झाला गं. पळत जाऊन सरांना दाखवला. आता त्या आनंदाचीच किळस येतेय."

त्यानंतर ती विभागात गेलीच नाही. शेवटी सर घरी आले. ओली छत्री त्यांनी माझ्या सोफ्यावर आडवी टाकली. बिस्किट चहात इतकं बुडवलं की अर्धं आतच राहिलं, मग ते बोटांनी काढून खाल्लं आणि बोटं चोखली. त्याच बोटांनी भिंगरीचे कागद उलटत म्हणाले, "काकू, तुमची भाची फार हळवी आहे हो."

"हळवी नाही. पोट बिघडलंय तिचं."

"सर," भिंगरी म्हणाली, "हा नियम आपल्याला आधी का नाही सुचला?"

"नाही सुचला. सुधारणा कधीही सुचते."

"कप्पा उघडल्यावरच?"

ते गोड हसले. "तुला त्या मोठ्या प्रयोगशाळेत जायचंय ना? शिफारसपत्र माझंच लागणार. काहीच सापडलं नाही म्हणणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही, बाळ. उद्याच्या बैठकीत हाच आलेख दाखव. बाकी मी बघतो."

ते गेल्यावर मी तो कप दोनदा उकळत्या पाण्याने धुतला. फेकूनच दिला असता, पण सेट मोडला असता.

बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "दाखवून टाक म्हणावं! कुणाचं घर जळतंय? कण काय पोलिसात जाणार आहेत?" पाठची बहीण, पण त्या क्षणी मला तिचीही शिसारी आली.

"मी काय करू, मावशी?"

"मला तुझं शास्त्र कळत नाही. पुन्हा ओकणार असशील तर बादली कुठे आहे, तेवढं सांगू शकते."

दुसऱ्या दिवशी बैठकीत तिने दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले. म्हणाली, "पहिला आमचा. दुसरा मी उत्तर बघून बनवलाय, तो धरू नका." मग सर उठले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी हिला कालपासून हेच समजावतोय."

हे सांगताना भिंगरी तो खांदा चोळत होती.

प्रबंध मान्य झाला. 'ही वाट आढळली नाही' असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. शिफारसपत्र मात्र गेलं नाही आणि मोठी प्रयोगशाळाही राहिली. आता ती कॅन्सरच्या दवाखान्यात किरणांचं यंत्र तपासते. तिथेही गाठ कणांशीच. "इथे आकडा सरकवला तर माणूस भाजतो," म्हणते, "म्हणून कुणी सरकवायला सांगत नाही."

गेल्या आठवड्यात विभागाचं निमंत्रण आलं. 'संशोधनातील सचोटी' या विषयावर व्याख्यान, वक्ते तेच सर. उदाहरण म्हणून ते आपल्या एका विद्यार्थिनीची हकीकत सांगणार होते.

"जाणार आहेस?" मी विचारलं.

"सकाळी पेशंट यायच्या आत यंत्र तपासायचंय," ती म्हणाली आणि कार्ड कचऱ्याच्या डब्यात टाकून तिने साबणाने हात धुतले.