नाना कंपाउंडरांची जास्वंद

नाना कंपाउंडर रस्त्याने पळत येताना दिसले की पिंपळनेरचे लोक बाजूला होत. दवाखान्यातला माणूस पळतोय म्हणजे कुणाच्या तरी जिवावर बेतलं असणार, असं गावात नव्याने आलेल्याला वाटायचं. मग दिसायचं, की नानांनी दोन्ही तळहातांवर एक ओला कागद आडवा धरलाय आणि ते ओरडताहेत, "सरका, सरका! रंग पळी राह्यना!" कागद कलला तर रंग ओघळणार, आणि वाळेपर्यंत थांबलं तर ओल्या रंगाची झळाळी मला दिसणार नाही. म्हणून पन्नाशी ओलांडलेला हा माणूस दवाखान्यातून बाजारपेठ ओलांडून थेट माझ्या वर्गापर्यंत धावत यायचा.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी तिथल्या हायस्कुलात चित्रकला शिकवत होते. जळगावहून आलेली, तेवीस वर्षांची, पहिलीच नोकरी. आल्या आल्या तापाने पडले आणि गावातल्या डॉक्टरांकडे गेले. नानांनी खिडकीतून मिक्श्चरची बाटली दिली आणि सोबत औषधाची चिठ्ठी. खोलीवर येऊन चिठ्ठी उलटली तर मागे एक फूल! तोंड आल्यावर लावतात त्या जांभळ्या औषधाच्या पाकळ्या आणि आयोडिनचा तपकिरी देठ. कापसाच्या बोळ्याने, तीन-चार फटकाऱ्यांत काढलेलं. तापात मी ते पाहतच राहिले. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर नाना लाजले. "कालनं शे," म्हणाले. "काल दिन बरा गया."

एरवी ते माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत. आनंदात आले की अहिराणीवर घसरत. आणि आनंदात ते फार वेळा येत. पाड्यांवरचे पेशंट येताना त्यांच्यासाठी फुलं आणत. कुणी पळस, कुणी पांगारा, पावसाळ्यात कळलावी. दुपारी दवाखाना बंद झाला की औषधांच्या टेबलावरच नानांचं चित्र सुरू व्हायचं. एखाद्या पोराचा ताप उतरलेला असला की पळस कागदावर पेटायचा. कुणी दगावलं असलं तर तोच पळस राखेसारखा यायचा. मी म्हणाले, "नाना, समोरचं फूल तर लाल आहे." ते म्हणाले, "मी फूल काढस नही, ताई. दिन काढस." आणि आपल्याच बोलण्यावर खो खो हसले.

औषधांचे रंग महिनाभरात उडायचे. दिवाळीच्या सुट्टीत जळगावला गेले तेव्हा त्यांच्यासाठी रंगवड्यांची पेटी, दोन ब्रश आणि जाड कागद आणला. नानांनी पेटी उघडली आणि टाळीच वाजवली. डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरने ते रंगावर पाणी सोडू लागले. दोन थेंब, तीन थेंब, मोजून. मी शाळेतल्या बाईंच्या थाटात सांगितलं, आधी पेन्सिलीने आकार काढा, मग रंग भरा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पेशंट बोलायच्या आधीच गोळी द्यायची का, ताई?" त्यानंतर मी पेन्सिलीचं नाव काढलं नाही.

एक दिवस नानांनीच विषय काढला. चित्रकलेची जी सरकारी परीक्षा माझी मुलं देत होती, ती लहानपणी त्यांची राहून गेली होती. सातवीत वडिलांनी शाळा सोडवून त्यांना एका डॉक्टरांच्या हाताखाली बाटल्या धुवायला लावलं होतं. "अजून बसता येईल का?" एवढं विचारून ते बाटल्यांना बुचं लावत राहिले, पण कान माझ्याकडे होते.

मी अर्ज दोनदा वाचला. वयाबद्दल त्यात अक्षरही नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, "बाई, हे मुलांचं काम आहे."

"सर, वयाची अट कुठे छापलेली नाही."

"मग उद्या अर्धी चड्डी घालून येतील का ते?" हेडमास्तर हसले, आणि हसता हसता त्यांनी सही केली.

गावात चेष्टा झालीच. "नाना, दप्तर कोठे शे?" असं पेशंट विचारायचे. नाना त्यांना जरा जास्त कडू मिक्श्चर द्यायचे, असं मला खात्रीने वाटतं.

परीक्षेच्या सकाळी सगळी मुलं बाकांवर बसली आणि नानांची जागा रिकामी! समोर पेल्यात जास्वंदीची फांदी ठेवलेली, पेपर सुरू झालेला. मी दारात उभी. वीसेक मिनिटांनी नाना धावत आले, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. पहाटेच पाड्यावरची एक बाई अडलेली म्हणून आणली होती. नर्स रजेवर, डॉक्टरांच्या मदतीला एकटे नाना. बाळ जन्मलं, पण रडेना. कितीतरी वेळ रडेना.

"मग?" मी विचारलं.

"रडनं, ताई! पोरगं रडनं! बठ्ठा लोक हासनात आणि मी रडनू!"

एवढं सांगून ते बाकावर जाऊन बसले. गुडघे बाकात मावेनात. नियम असा, की फांदी कागदाच्या मधोमध यावी, पानं, देठ, कळ्या सगळं नीट दिसावं. नानांनी अख्खा कागद ओला केला आणि त्यावर लाल सोडला. ती जास्वंद कागदात मावेचना! एक पाकळी या कडेने बाहेर, एक त्या कडेने. देठ नाही, पान नाही, नुसतं उघडलेलं तोंड आणि मधोमध थरथरणारा केसर. मला त्या चित्रातून रडणं ऐकू आलं. खरंच सांगते. आणि त्याच क्षणी हेही कळलं की हे नापास होणार.

तसंच झालं. निकालाची यादी आली. माझी बहुतेक मुलं पास, नाना नापास. दोन दिवस मी दवाखान्याकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. नानांनी आधी मुलांची चौकशी केली, कोण कोण पास झालं ते विचारलं. मग म्हणाले, "मना कागद परत भेटी का?"

परीक्षेचे कागद परत मिळत नाहीत, हे त्यांना माहीत नव्हतं. नापास झाल्याचं त्यांनी मनावर घेतलं नाही, पण हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. त्या बाळाची आई बाळंतविडा नाही तर निदान ते चित्र नेईल, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. मी म्हणाले, दुसरं काढा. ते म्हणाले, "तो दिन आते कोठून आनू?" मी परीक्षा घेणाऱ्या खात्याला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

पुढच्या मे महिन्यात मला जळगावच्या एका शाळेचं नेमणुकीचं पत्र आलं. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर नोकरी! आईने पेढे वाटले. मीही सगळ्यांना हसत सांगत सुटले. नानांना सांगितलं, तर त्यांनी टेबल पुसलं, कागद पसरला आणि ब्रश माझ्याच हातात दिला. बाहेर बहावा फुलला होता. त्याचा एक घोस समोर ठेवला. "आज तुम्ही काढा."

नोकरीला लागल्यापासून मुलांना शिकवण्यापुरतीच चित्रं काढलेली मी. पहिल्यांदाच पेन्सिल न लावता पाण्यात पिवळा सोडला. हात कुठे कुठे गेला मला कळलं नाही; पिवळ्यात निळा केव्हा मिसळला, तेही नाही. नानांनी कागद उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"बहावा तर हासस, ताई. तुमना का बरं रडी राह्यना?" मग हळूच म्हणाले, "तुमले जावानं नही शे."

मी ब्रश धुवायला घेतला आणि धुतच राहिले.

नेमणुकीचं पत्र मी परत पाठवलं. पिंपळनेरात पुढे सहा वर्षं राहिले, आणि ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात भरलेली वर्षं. नाना आता नाहीत. मी पत्र परत पाठवलं तेव्हा आईने आकाशपाताळ एक केलं होतं. असं काय आहे त्या गावात, म्हणून विचारत होती. मला शब्दांत सांगता येईना, म्हणून मी तिला बहाव्याचं चित्र दाखवलं. तिने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "फूल काही खास आलेलं नाही गं." मग पिवळ्यात मिसळलेल्या निळ्यावर बोट ठेवून, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बरं, राहा तिकडेच."